भेगेवरची काच

काच तडकली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तिरकी उतरत गेलेल्या भेगेवर इंजिनियरने प्लास्टरने चिकटवलेली बोटभर रुंदीची काचेची पट्टी, आणि तिचे आज दोन तुकडे. आईने घड्याळाकडे पाहिलं. इंजिनियर ती तपासायला आता येईलच.

वरचा मजला चढवल्यावर भेग पडली, तेव्हा त्याने समजावलं होतं, "खाली चिकणमाती आहे, काकू. तिच्यात पाणी धरलेलं असतं. वर वजन आलं, की ते फार हळू बाहेर पडतं आणि माती दबत जाते. वाळूसारखं झटपट काम नाही हिचं, वर्षानुवर्षं चालतं. घर एका बाजूला जास्त खचलं, की भिंत फाटते. काच अख्खी राहिली, तर समजायचं खचणं थांबलं. फुटली, तर वरचा मजला रिकामा करावा लागेल."

वरचा मजला म्हणजे मुलगा, सून आणि सुनेच्या पोटातलं बाळ. एकदा गेलेली माणसं परत कुठली येतात? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत आईने डब्यांमागचा काचेचा तुकडा काढला आणि वाटीत प्लास्टर कालवलं.

"काय चाललंय?" दारात बाबा.

तिने वाटी पाठीमागे घेतली. मग तिचाच धीर सुटला. "कुणाला सांगू नका हो. आधीही एकदा बदललीय मी. वाटलं, एवढ्यावर थांबेल."

बाबा ओरडले नाहीत. मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. आत काचेची पट्टी होती, अगदी मापात कापलेली.

"तू कधी बदललीस?" त्यांनी विचारलं.

"सुनेने बातमी सांगितली, त्या आठवड्यात."

"मी त्यानंतर."

वर काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. सकाळीच मुलगा म्हणाला होता, पाळण्याला जागा करायचीय, कपाट हलवतो.

बाहेर फाटक वाजलं. बाबांचा हात पट्टीकडे गेला. आईने तो धरला. वाटीतलं प्लास्टर तोवर दगड झालं होतं.

ती जिन्याशी गेली. तिने हाक मारली.

"सूनबाई, खाली ये गं. हळू ये. हातात काही घेऊ नकोस."