थर्ड शिफ्टची झोप

"थर्ड शिफ्टमुळं यांची झोपच होत नाही. झोप मोजणारं घड्याळ दाखवा," चिंचवडच्या दुकानात मोनिका म्हणाली.

तिचा नवरा, ज्योतीराम, एकेक नाकारत गेला. एकाचा पट्टा टोचला, दुसरं जड वाटलं.

"मग हे घ्या. कधी झोपले, कधी उठले, सगळं वहिनींच्या मोबाइलवर दिसेल," दुकानदार त्याच्या मनगटावर एक घड्याळ बांधत म्हणाला.

ज्योतीरामनं ते घाईघाईनं मनगटावरून काढलं. "कंपनीत मशीनवर घड्याळ घालू देत नाहीत," तो मान खाली घालून पुटपुटला.

मोनिकानं घड्याळ परत दिलं. बाहेर गाडीवर त्याच्या मागं बसल्यावर ती हळूच म्हणाली,

"किती दिवस झाले, तुमच्या युनिफॉर्मला ऑइलचा डाग नाही. दुसरी कंपनी मिळेपर्यंत रात्री घरीच झोपत जा."