दातातली काडी

अकोटच्या बाजारातून नवा कपडा आणायचा नाही, असं मनकर्णाने ठरवलं तेव्हा घरचे हसले होते. आता साऱ्यांच्या अंगावर तिचेच टाके होते, आणि तिला त्याचा तोरा होता.

आज नवऱ्याच्या, सूर्यभानच्या शर्टाचं एक बटन तेवढं राहिलं होतं. अंगणातल्या कोवळ्या उन्हात ती सुईत दोरा ओवत असतानाच शर्ट समोर येऊन उभा राहिला.

"घातला बी? हालू नका मंग, अंगावरच लावते."

वर न बघताच तिने काडी पुढे केली. अंगावर शिवताना घालणाऱ्याने काडी दातात धरायची आणि दोरा तुटेपर्यंत बोलायचं नाही, ही तिच्या माहेरची रीत.

"कॉलर उलटवली. नव्यावानी दिसते ना?"

"हूं."

"मंग दिवाळीले बी नवा नाई."

"हूं."

वाद न घालणारा नवरा बघून तिला हसू आलं.

फाटक वाजलं.

"मनकर्णा," मागून सूर्यभानचा आवाज आला, "बनियनवरच जाऊन दूध आणलं पाह्य. माह्या शर्टाचं बटन लावलं काय?"

सुई थांबली. मनकर्णाने मान वर केली नाही.

"हूं," समोरून उत्तर आलं.