चॅसीवरची तीन अक्षरं

"तीन अक्षरं हवीत मला. माझ्या नवऱ्याची," उल्का म्हणाली आणि सिंगापूरमधल्या काकी बुकितच्या त्या गाळ्यात गाडीच्या उघड्या सांगाड्यासमोर, चॅसीसमोर, ठाण मांडून उभी राहिली. "घेतल्याशिवाय पुंगोलला घरी परत जाणार नाही."

शैलेंद्र, तिच्या नवऱ्याचा भागीदार, चिंधीने हात पुसत राहिला.

गाडी जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारची, हाताने बांधलेली नक्कल. नियम सरळ होता. रूप जुनं चालेल, जुन्या गाडीचा नंबर चालणार नाही. नंबर नवा, चॅसीवर ठोकलेला, आणि सुरुवातीची तीन अक्षरं बनवणाऱ्याची. एकदा ठोकली की खोडणं हा गुन्हा. शैलेंद्र आणि उल्काचा नवरा निशिकांत, दोघा मित्रांनी आपापली अक्षरं मंजूर करून घेतली होती.

निशिकांतने सगळे रविवार या सांगाड्याला वाहिले. कामावर जाताना जुरोंग आयलंडच्या कंपनी बसमध्ये बसल्या जागी गेला, तेव्हाही त्याच्या नखांत इथलं ग्रीस होतं. आणि तेराव्याचं जेवण पचलंही नव्हतं, तोवर हा भागीदार स्वतःची अक्षरं ठोकायला निघाला.

"वहिनी, मागेच सांगितलं. मेलेला माणूस मेकर होत नाही."

"आणि मेलेल्याच्या घामावर मिरवणाऱ्याला काय म्हणतात, भावजी? मंडळाच्या गणपतीत माइकवरून विचारू?"

सकाळी इरा इथल्या इंग्रजीत म्हणाली होती, "लेट इट गो लाह, आई." मुलगी इतक्यात बापाला पुसायला निघाली, म्हणून उल्का जास्तच पेटली होती.

शैलेंद्रची मान खाली गेली.

"चुकलं माझं. गाडी त्याचीच. घाव तुम्हीच घाला."

उल्काला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने खरंच एकेका अक्षराचा पोलादी ठसा चॅसीवर धरला आणि हातोडी तिच्या हाती दिली. एन. एस. के. तिसऱ्या घावाला तिला हुंदका आवरेना. शैलेंद्रने फोटो काढला. "मंडळाच्या ग्रुपवर टाका. कळू दे सगळ्यांना."

तिने तिथल्या तिथे टाकला. 'निशिकांतची गाडी. पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत त्याचीच.'

हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. तिने पहिल्यांदाच शैलेंद्रकडे मायेने पाहिलं. माणूस वाईट नाही, उशिरा का होईना लाज वाटते त्याला.

"आता बॉडी कधी चढवताय?" तिने डोळे पुसत विचारलं.

"चढवली होती. परवा उतरवली." शैलेंद्रने हातोडी जागेवर टांगली. "शनिवारी नंबराशिवायच, ट्रेलरवर घालून, सीमेपलीकडे जोहोरच्या रेस ट्रॅकवर नेली. ब्रेक लागले नाहीत, झेंडा दाखवणारा पोरगा चिरडला. ब्रेक मी बसवले होते, वहिनी. उद्या पोलीस बनवणाऱ्याचं नाव बघायला येताहेत."