हयातीचा दाखला

“फौजेतला नंबर सांगा, भाऊ,” जयमाला म्हणाली.

जेलच्या ऑफिसात हवालदार रामराव भुतेकर खाली मान घालून बसला होता. अंगावर कैद्याचे पांढरे कपडे.

“अहो, नंबर! पेन्शनीच्या कागदावर लागतो.”

“याद नाही, ताई.”

जयमालाला वाईट वाटलं. तिचा नवरा बावीस वर्षं फौजेत होता. शेवटच्या आजारात, तापात बरळतानासुद्धा तो आपला नंबर घडाघडा म्हणायचा. फौजी एकवेळ सासऱ्याचं नाव विसरेल, नंबर नाही विसरत. पण जेल ती जेल. तिथं डोकंही गंजत असेल माणसाचं.

नवरा गेल्यावर ती माजी सैनिकांच्या संघटनेत बिनपगारी राबायची. जेलात पडलेल्या फौजींचे कागद तिने अंगावर घेतले होते. “गुन्हेगारांचा एवढा काय पुळका?” असं लोक विचारत. ती म्हणायची, “सजा त्याला झाली ना? मग त्याच्या घरच्यांनी कोणाचं घोडं मारलं?”

रामरावची गोष्ट सरळ होती. चार वर्षांपूर्वी दारूच्या नशेत त्याने जीप चालवली, खामगाव रस्त्यावर दोन मजुरांना उडवलं आणि जीप तिथंच टाकून पळाला. जीपच्या कागदांवरून पोलीस घरी पोचले, तेव्हा “मीच रामराव” म्हणत स्वतःच पुढे आला. कोर्टात गुन्हा कबूल केला. सात वर्षांची सजा लागली.

सजेने काही पेन्शन आपोआप जात नाही. ती अडली दाखल्यावर. ‘मी जिवंत आहे’ हे पेन्शनवाल्यांना दरवर्षी दाखवावं लागतं, आणि जेलातला माणूस बँकेत जाणार कसा? जेलच्या साहेबांच्या सहीचा कागद टपालाने पाठवला होता, तो कुठं गडप झाला देव जाणे. पेन्शन थांबली आणि फौजेच्या दवाखान्याचं कार्डही थांबलं. घरी त्याची म्हातारी आई, गोजरबाई, आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. विकण्यासारखं होतं ते सगळं विकून झालं होतं. सोमवारपासून कार्डाशिवाय घेणार नाही, असं दवाखान्याने सांगून टाकलं होतं.

“आता मोबाईलवरच होते सारं,” जयमालाने फोन काढला. “याच्यासमोर तोंड धरायचं, पापण्या मिटायच्या-उघडायच्या, झालं. आधार कार्डाच्या फोटोशी तो आपोआप जुळवून घेते.”

“नको, ताई.”

“काऊन नको?”

“राहू द्या ना.”

आता मात्र जयमाला भडकली. “राहू द्या? माय मरून राह्यली तिकडं अन् तुम्हाले दोन पापण्या हालवायचा कंटाळा? कसलं काळीज हाय हो तुमचं!”

रामराव हमसून हमसून रडला. एवढा मोठा गडी रडताना पाहून तिला आपल्याच तोंडाची लाज वाटली. बाहीने डोळे पुसून तो पुढे सरकला. “लावा मंग. जुळलं तर जुळलं.”

पाच वेळा लावला. पाचही वेळा लाल अक्षरं आली, चेहरा जुळत नाही.

“वाळलाय किती तो,” जेलरसाहेब म्हणाले. “जेलात सगळ्यांचीच तोंडं बदलतात.”

“घरी काही निरोप?” निघताना जयमालाने विचारलं.

“गणेशले म्हणा, मायची दवाई चुकवू नको.”

केस झाल्यावर भुतेकरांनी गाव सोडून चिखलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. रामरावची बायको सुचिता, सासू आणि दीर गणेश. गणेश मार्केटात हमाली करायचा आणि घर चालवायचा. असा दीर नशिबाने मिळतो, असं जयमालाला वाटायचं.

खाटेवर गोजरबाई पडली होती. पाय सुजून टम्म झाले होते. जयमालाने जेलात झालं ते सगळं सांगितलं. तो रडला, तेही सांगितलं. सुचिता चुलीकडे तोंड करून ऐकत होती.

“मंग आता काहीच इलाज नाही?” तिने विचारलं.

“मी पुन्हा जाते ना. दाढी करायला लावते, उजेडात बसवते.” आज शुक्रवार होता.

तेवढ्यात गणेश आला. खांद्यावरचा गमछा झटकत दारातच थांबला. “जमलं का, ताई?”

“नाही ना, भाऊ.”

गोजरबाई कोपरावर रेलून उठली. “पोरी, तो मोबाईल तोंड पाह्यते ना?”

“हाव, मावशी.”

“मंग याचं पाहू दे.”

“अहो, हे गणेशभाऊ. रामरावभाऊचं लागते.”

“पाहू तर दे. मरत्या बाईचं एवढं ऐक.”

“आई, गप राहा तुम्ही!” सुचिता ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज जयमालाने कधी ऐकला नव्हता. गणेश बाहेर निघाला होता.

“थांब रे,” म्हातारी म्हणाली. “माही आन हाय तुले. चार वर्स गप राह्यली मी. आता मले नाही सोसत.”

तो थांबला. हळूच वळला. डायलिसिसने म्हातारीचं डोकं फिरलं असावं, तिचं मन राखावं, एवढ्याच विचाराने जयमालाने फोन त्याच्यासमोर धरला. त्याचे डोळे भरून आले होते. पापण्या मिटल्या, उघडल्या.

पडद्यावर हिरवा गोल भरला. खाली अक्षरं उमटली: रामराव किसन भुतेकर. दाखला स्वीकारला.

“आता माह्या गणेशले जेलातून घरी आना, बाई,” गोजरबाई म्हणाली.