परक्या मैदानावर

फाळणीत कराची सोडून गोंदियात आलेला टहिलराम कापडाच्या दुकानात बसून बसून पार जाडा झाला होता. तिकडे तो नावाजलेला फुटबॉलपटू होता. इथल्या संघाचा कप्तान श्यामलाल त्याला दरवर्षी खेळायला बोलवायचा आणि तो दरवर्षी नाही म्हणायचा.

साठ सालच्या उन्हाळ्यात श्यामलाल पेपर घेऊनच दुकानात आला. "हंगेरीचा पुश्काश पाहा, सेठ. देश सुटला, खेळावर बंदी आली, पोट सुटलं. आता परक्या संघाकडून फायनलमध्ये चार गोल केले त्यानं. तुम्ही कायले बसून राहिले?"

टहिलरामनं बातमी नीट वाचली. "तो घरी परत गेला का?"

"नाही. जाताच येत नाही त्याले."

दुसऱ्या दिवसापासून टहिलराम पहाटे मैदानावर धावू लागला. लोक हसले, गुडघे सुजले, पण तो थांबला नाही. पावसाळ्यात आमगावच्या संघाविरुद्ध त्यानं असा गोल मारला, की पेलवत नसतानाही गोंदियाकरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

चिखलाच्या पायांनीच तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "कराचीहून आणलेली ती बांधलेली ट्रंक आता सोड. सगळं सामान फळीवर लाव."