तेलाची तडतड

तिकोणा पेठेत धोंडाबाईसारखं निर्गुडीचं मालिशतेल कुणाला जमत नसे. पाल्याच्या रसातलं पाणी पुरतं आटून कढईतली तडतड थांबली, की तेल झालं. त्याआधी ती चूल विझवूच देत नसे.

कामशेतचा दुकानदार मोईन तेल न्यायला आला. तिनं गार बाटली पुढं केली, तसा तो थबकला.

"मावशी, तडतडतंय. कच्चं राह्यलंय."

"माझं तेल? कच्चं?"

तिनं रागानं बाटली ओट्यावर आदळली. तडतड मात्र तिच्याजवळच राहिली.

मोईन मागं सरकला. "बाटली न्हाई मावशी. तुमचा हात."

धोंडाबाईनं तळवा कानाशी नेला, डोळे मिटून नीट ऐकलं.

"व्हय," ती ताठ मानेनं म्हणाली, "माझ्यात थोडं पाणी हाय अजून. आटंल. मी कच्चं काय ठेवत न्हाई."