जयवंताचे केस

नत्थुजी न्हाव्यानं गरम पाण्यातलं फडकं पिळून खुशालरावाच्या गालांवर दाबलं, तेव्हा ओसरीवर बसलेल्या खुशालरावाच्या आईनं, माणिकबाईनं, सुनेला हाक मारली.

"जयवंते, आणखी पाणी तापव. तुयासाठीबी लागंन."

खुशालरावानं डोळे मिटले. दाढीचा हा वेळ त्याला जेवणाहून प्यारा. मुंबईहून आणलेल्या साबणाचा फेस, चामड्यावर वस्तरा घासल्याचा आवाज, आधी सुलटा हात, मग उलटा. घाई करणाऱ्या न्हाव्याला तो दारात उभा करत नसे.

विलायतेला कापूस जायला लागला आणि अकोल्याकडच्या शेतकऱ्यांच्या बैलांच्या शिंगांनाही चांदी चढली. पैसा आला की माणसाला आधी आपलं कूळ टोचतं. खुशालरावाला अमरावतीच्या एका देशमुखाची मुलगी सांगून आली होती. देशमुखाचा निरोप स्पष्ट होता: आमच्या सोयऱ्यांच्या घरात विधवा दुसरं लग्न करत नाही, आणि डोक्यावर केस ठेवत नाही. पाहुणे उद्या येणार होते.

जयवंता ही खुशालरावाच्या मेलेल्या थोरल्या भावाची, गोवर्धनाची, बायको. वय एकोणीस. तिच्या बापानं अंजनगावच्या एका बिजवराशी तिचं लग्न ठरवलं होतं. त्यांच्या कुणब्यांत विधवेच्या लग्नाला कोणी नावं ठेवत नसे.

"आत्याबाई, आपल्यात कोणी करते का असं?" जयवंता म्हणाली. "पंधरा दिवसानं लगन हाय मायं. बोडकं डोस्कं घेऊन कशी जाऊ?"

"जाचंच काहून? माया गोवर्धनाले खाल्लं, आता दुसऱ्याच्या घरी हिरवा चुडा भरून मिरवतं काय? इथंच राय. नव्या सुनेले भांडे घासाले कोणी लागंन ना!"

नत्थुजीचा हात थांबला. "मालकीणबाई, कुणब्याच्या बाईच्या डोस्क्याले म्या आजवर वस्तरा नाही लावला."

"आजवर देशमुखाची पोरगी तरी कोण देत होतं आमाले? तू दाढी कर, तोंड नोको चालवू. माये मालक वारून बारा वर्षं झाली. हे घर कोणाच्या शब्दावर चालून राह्यलं?"

"तुमच्याच," नत्थुजी पुटपुटला.

जयवंता दिराच्या पायाशी येऊन बसली. "भाऊजी, तुमी तरी सांगा."

खुशालरावानं गाल फुगवला. वस्तरा सरकत कानापर्यंत गेला. मग तुरटी फिरली, गोड चुरचुर झाली. त्यानं आरशात हनुवटी दोन्ही बाजूंनी वळवून पाहिली.

"रीत म्हणजे रीत, वयनी," तो म्हणाला. "देशमुखाच्या डोळ्यात खुपंन असं घरात काही नाही पायजे."

"आयकलं?" माणिकबाईनं भरघोस अंबाड्यावरून पदर नीट घेतला. "कसा बोलला माया वाघ! बस आता खाली मान घालून. नत्थुजी, धर वस्तरा."

जयवंता रडली नाही. तिनं वेणी सोडली. केस जमिनीला टेकले. नत्थुजीनं वस्तरा पाण्यात बुडवला आणि तिच्याकडे न बघता पुढं झाला.

"थांब, नत्थुजी," खुशालराव तोंड पुसत म्हणाला.

जयवंतानं झटकन मान वर केली.

"मोठ्या घरात पहिला मान मोठ्याले. वयनी, तू जरा सरक. आधी मायले बसू दे."